वणवा शिरतो वीतभर जागेतून!

पॅरडाइज म्हणजे स्वर्ग. उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरात, पाइनच्या सावलीत वसलेल्या या गावाला ते नाव शोभायचंही. पण ८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी तिथे वणवा पोहोचला आणि काही तासांत होत्याचं नव्हतं झालं. गाव आणि आसपासचा परिसर मिळून ८५ माणसांचा बळी गेला. १८ हजारांहून जास्त इमारती भस्मसात झाल्या.

आग विझल्यावर एक चमत्कारिक दृश्य दिसलं. कित्येक ठिकाणी घराच्या जागी फक्त राख होती आणि शेजारी झाड मात्र हिरवंगार! झाड वाचलं आणि घर जळालं, हे कसं काय?

याचं उत्तर उडत्या निखाऱ्यांत आहे. वणव्यात ज्वाळांची अजस्र लाट घरावर चाल करून येते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बरीच घरं पेटतात ती वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी. मुख्य आग दूर असतानाच ते घरावर पावसासारखे बरसतात. अमेरिकी वन सेवेतले शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी कॅनडाच्या जंगलात मुद्दाम लावलेल्या आगींसमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहिल्या. १० मीटरवरच्या भिंती काही वेळा पेटल्या. २० आणि ३० मीटरवरच्या पेटल्या नाहीत. म्हणजे दूरच्या ज्वाळेपेक्षा दाराशी येऊन पडलेली ठिणगी जास्त घातक!

आपल्याकडच्या विटा-सिमेंटच्या घरात राहणाऱ्याला या भीतीची कल्पना यायची नाही. अमेरिकेत बहुतेक घरांचा सांगाडा लाकडी असतो. त्यावर बाहेरून अनेकदा लाकडी फळ्या नाही तर व्हिनाइल या प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. व्हिनाइल उष्णतेने मऊ पडतं, गळून पडतं आणि मागचं लाकूड उघडं पडतं.

म्हणूनच कॅलिफोर्नियाने २००८ पासून वणव्याच्या पट्ट्यातल्या नव्या घरांसाठी कडक नियम लागू केले. बाहेरची भिंत न जळणारी हवी किंवा आगीच्या चाचणीत उतरलेली हवी. वीट, काँक्रीट, सिमेंटचे तंतुमिश्रित पत्रे किंवा आपला साधा सिमेंटचा गिलावा... यातलं काहीही चालतं.

पण भिंत भक्कम झाली म्हणजे काम संपलं असं नाही. भिंतीला घात होतो तो तिच्या पायथ्याशी. वाऱ्याने आलेले निखारे भिंतीच्या कडेला साचतात, तिथल्या पाचोळ्यात धुमसतात आणि खालच्या फळीला आग लावतात. यावर उपाय आपल्या जोत्यासारखाच आहे. जमिनीपासून निदान ६ इंच भिंत काँक्रीटची किंवा दगडाची ठेवायची. त्याचबरोबर घराभोवती दीड मीटरच्या पट्ट्यात झुडूप, सरपण, लाकडाचा भुसा असं जळणारं काही ठेवायचं नाही. तिथे सरळ खडी पसरायची. भिंतीला येऊन भिडणारं लाकडी कुंपणही नको, कारण ते वातीसारखी आग थेट घरापर्यंत आणतं.

दुसरा धोका फटींचा. वळचणीखाली आणि पोटमाळ्याला हवा खेळावी म्हणून झरोके असतात. त्यांतून ठिणगी आत गेली की घर आतून पेटतं. म्हणून झरोक्यांना ३ मिलिमीटरपेक्षा मोठी भोकं नसलेली धातूची जाळी बसवतात. खिडकीची काच तडकली तरी हीच गत. त्यासाठी दुहेरी काच लावतात आणि त्यातली निदान एक काच उष्णतेत टिकणारी असते.

या साऱ्याचा उपयोग झाला का? पॅरडाइजच्या आगीत २००८ नंतरची सुमारे निम्मी घरं सुखरूप राहिली. त्याआधीच्या घरांपैकी जेमतेम पाचातलं एक वाचलं. पण मग उरलेली निम्मी नवी घरं का गेली? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचं मोठं कारण सापडलं, ते म्हणजे शेजारचं घर! १८ मीटरच्या आत दुसरं घर जळत असेल तर आपलं वाचणं अवघड होतं. झाडाची आग काही मिनिटांत पुढे सरकते. पेटलेलं घर मात्र तासन् तास धगधगत राहतं आणि ती धग चांगल्या भिंतीचाही अंत पाहते.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या दाट वस्त्यांत हेच घडलं. तिथल्या आगींत १६ हजारांहून जास्त इमारती नष्ट झाल्या.

कॅलिफोर्नियात आज मराठी कुटुंबंही कमी नाहीत. कुणाचा मुलगा, कुणाची भाची तिथे घर घेण्याच्या विचारात असते. त्यांना फोनवर एवढं जरूर सांगावं, की घर पाहायला जाल तेव्हा स्वयंपाकघर आणि गॅरेज पाहून परत फिरू नका. बाहेरून एक चक्कर मारा. भिंत कशाची आहे, तिच्या पायथ्याशी काय साचलंय, झरोक्यांना जाळी आहे का, ते बघा. भिंत बदलायला पुष्कळ पैसे लागतात. पण पन्हळीतला पाचोळा काढायला, जाळी बसवायला आणि खडी पसरायला फार खर्च येत नाही.

आणि हो, शेजाऱ्यालाही ते करायला सांगा. त्याचं घर वाचलं, तर आपलं वाचण्याची आशा!