घरातील कामाची बैठक

सन 2020 च्या मार्च महिन्यात टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा पुणे, मुंबई, सुरत अशा शहरांत नोकरी करणारे आपल्या जिल्ह्यातील कित्येक तरुण नंदुरबार, नवापूर, शहादा येथील आपापल्या घरी परतले व तेथूनच कचेरीचे काम करू लागले. साथ ओसरली, कचेऱ्या पुन्हा उघडल्या. तथापि घरून काम करण्याची रीत सर्वस्वी लोपली नाही. आज वर्गात बसणाऱ्या मुलामुलींपैकी काहींना उद्या अशीच नोकरी लाभण्याचा संभव आहे. म्हणून या कामाच्या बैठकीविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. त्या वर्षी मी खाटेवर मांडी घालून, लॅपटॉप उशीवर ठेवून, रोज चार-चार तास शिकवीत असे. दोन महिन्यांत मान अवघडली व उजव्या हाताची बोटे बधिर होऊ लागली. मी वयास दोष दिला; डॉक्टरांनी बैठकीस दिला. बैठक सुधारताच दुखणे ओसरले, तेव्हा त्यांचेच म्हणणे खरे ठरले.

याचे कारण समजण्यास सोपे आहे. लॅपटॉपात पडदा व कळा एकत्र जोडलेल्या असतात. कळा हातांस सोयीच्या उंचीवर ठेवाव्या, तर पडदा खाली जातो व मान वाकते. पडदा डोळ्यांसमोर आणावा, तर हात अधांतरी राहतात. मनुष्याचे मस्तक सुमारे पाच किलो वजनाचे असते. परंतु मान साठ अंश वाकली असता मणक्यांवर सुमारे 27 किलो भार पडतो, असे केनेथ हंसराज या शस्त्रवैद्याने 2014 साली गणिताने दाखविले. आठ-नऊ वर्षांचे मूल मानेवर बसवून दिवसभर काम करावे, तसाच हा प्रकार होय!

ही चिंता आजकालची नव्हे. रामाझिनी नामक इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या 1713 च्या आवृत्तीत लेखनिकांवर एक प्रकरण आहे. सतत बसणे, हाताची एकसारखी हालचाल व मनाचा ताण ही त्यांच्या दुखण्याची मुळे होत, असे त्याने सांगितले. आपल्याकडील जुन्या पेढ्यांवरही दिवाणजीस गादी, पाठीशी तक्क्या व पुढ्यात उतरत्या झाकणाची पेटी मिळत असे. बसून काम करणाऱ्याच्या शरीराची काळजी घेणे म्हणजे परदेशी चोचले, असे म्हणणाऱ्यांनी ही पेटी आठवावी.

आता उपाय. त्यास फार पैका लागत नाही. लॅपटॉपखाली जाड पुस्तके रचून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी. पडदा हातभर अंतरावर असावा. टंकलेखनास कळफलक निराळा घ्यावा, एवढाच काय तो मुख्य खर्च. कोपरे काटकोनात राहतील इतकेच मेज उंच हवे. खुर्ची उंच असल्यास पायांखाली पाट ठेवावा. कमरेमागे गुंडाळलेली चादर पुरते. खिडकी बाजूस असावी. पाठीमागे असल्यास पडद्यावर तिरीप पडते. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. तेव्हा महत्त्वाचे काम सकाळी उरकावे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, म्हणजे डोळ्यांस विसावा मिळतो. पाण्याचा तांब्या जवळ न ठेवता माठाशी उठून जावे. त्या निमित्ताने पाठही सरळ होते. उत्तम बैठकही तासन् तास न हलता सोसावी, अशी नसते.

परंतु मेज-खुर्चीने हा प्रश्न सुटत नाही, हे मला एका माजी विद्यार्थिनीच्या घरी कळले. ती घरूनच पुण्यातील एका कंपनीचे हिशेब पाहते. मी गेलो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. बोलता बोलता तिला तीनदा हाक आली. एकदा दळण आणण्यास, एकदा भावास चहा देण्यास, एकदा दार उघडण्यास. वडील कौतुकाने म्हणाले, “सर, पोरगी घरातच असते, त्यामुळे मोठा आधार आहे.” त्याच घरात धाकट्या भावाच्या अभ्यासासाठी खिडकीपाशी मेज मांडलेले होते, आणि त्यावर कपड्यांची रास होती!

वडील निर्दय नव्हेत. शेतात घाम गाळणाऱ्यास बसून केलेले काम श्रमासारखे दिसत नाही, एवढेच. परंतु त्या घरचा किराणा व भावाची फी त्याच उंबऱ्यावरून येत होती. कित्येक पालक म्हणतील, “आमचे घर दोन खोल्यांचे, निराळी जागा कोठून आणावी?” खोली मागतच नाही. एक कोपरा व त्यास ठरलेले तास, एवढे पुष्कळ झाले. त्या तासांत हाक मारू नये, दूरदर्शनचा आवाज कमी करावा, आणि हा नियम मुलगा व मुलगी यांस सारखाच लागू असावा.

विद्यार्थ्यांनो, अभ्यासास बसताना आजच ही सवय लावा. आणि पालकहो, घरात जो बसून कष्ट करतो त्याची मान सांभाळा व त्याला मानही द्या, एवढीच विनंती आहे.