पासष्टची रेघ दिसली पाहिजे

लिंबागणेश हे बीड तालुक्यातलं एक महसूल मंडळ. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, की सरकारी भाषेत ती अतिवृष्टी. पंचनामे, मदत, सगळी चर्चा या आकड्याभोवती फिरते. समजा, प्रोजेक्टसाठी तुम्ही इथल्या पावसाळ्याचा रोजचा पाऊस आलेखात मांडला आणि ६५ वर बारीक लाल रेघ मारली. एखाद्या दिवसाचा स्तंभ त्या रेघेच्या जरा वर आहे की जरा खाली, हाच तर मुद्दा! आणि नेमका तोच आलेख तुम्ही जेपीजी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकता. सरांच्या मोबाइलवर रेघेभोवती धुरकट ठिपके, आणि आकडा ६३ की ६८, काही कळत नाही.

जेपीजी वाईट नाही हो, पण ते फोटोंसाठी बनलंय. ते चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देतं. गावातल्या भालचंद्र गणपतीच्या मंदिराचा फोटो असेल, तर दगड आणि आभाळ यांत ते खपून जातं. आलेखात मात्र पांढऱ्यावर एकदम काळं, एकदम लाल. असे चौकोन जेपीजीला सहसा नीट झेपत नाहीत.

पीएनजी काहीच टाकत नाही. सारखे पिक्सेल थोडक्यात लिहून ठेवतं आणि उघडताना जसेच्या तसे परत देतं. आलेखात बरीचशी जागा कोरीच असते, त्यामुळे फाइलही बहुधा जेपीजीपेक्षा लहान! जिफलाही हे जमतं, पण रंग फक्त २५६. शिवाय त्याच्या पद्धतीवर पेटंटचा वाद झाला, त्यातूनच १९९६ साली पीएनजी आलं.

एक्सेलमध्ये आलेखावर राइट क्लिक करा, ‘सेव्ह अ‍ॅज पिक्चर’ निवडा आणि पीएनजी घ्या. पोस्टर छापायचं असेल तर एसव्हीजी. त्यात पिक्सेल नसतात, कितीही मोठं करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि बिघडलेल्या जेपीजीला नंतर पीएनजी नाव दिलं म्हणून गेलेलं परत येत नाही, मूळ फाइलमधूनच पुन्हा काढा.

‘सगळी चित्रं जेपीजीतच अपलोड करा’ असं सांगणाऱ्या कॉलेजांनीही हा नियम बदलायला हवा. तोवर आलेखाखाली आकड्यांचा तक्ता जोडत चला.