क्रम मताच्या वेळी लावा, मागणीच्या वेळी नव्हे

'सर्वाधिक वाचलेले', 'सध्या गाजत असलेले', 'वाचकांच्या पसंतीचे' अशी एखादी चौकट आज जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळावर असते. पडद्यावर ती दहा-वीस ओळींची दिसते, पण तिच्यामागची क्वेरी बहुधा साऱ्या ॲप्लिकेशनमधली सर्वांत जड क्वेरी असते. नोंदींचे टेबल मतांच्या टेबलाशी जोडायचे, प्रत्येक नोंदीची मते मोजायची, नोंद किती जुनी आहे ते आत्ताच्या वेळेवरून काढायचे, त्यावरून गुण ठरवायचे, सगळ्या नोंदी त्या गुणांनी उतरत्या क्रमात लावायच्या आणि पहिल्या तीस ठेवून बाकीचे सगळे काम फेकून द्यायचे. पुढच्या वाचकाने तेच पान उघडले की हाच खटाटोप पुन्हा पहिल्यापासून. टेबल लहान असते तोवर हे कुणाच्या लक्षात येत नाही. ते वाढले की संकेतस्थळ मंदावते, मग दोष डेटाबेसला दिला जातो आणि मोठा सर्व्हर मागवला जातो. आमचे म्हणणे असे, की येथे दोष डेटाबेसचा नसून कामाच्या वेळेचा आहे. लोकप्रियतेचा क्रम मत पडते त्या क्षणी मोजून साठवावा आणि मागणी येईल तेव्हा तो केवळ वाचून द्यावा. हे शक्य व्हावे असेच सूत्र निवडावे, कारण क्रमाचे सूत्र निवडणे हा डेटाबेसच्या रचनेचाच निर्णय आहे.

पहिला पुरावा वाचन आणि लेखन यांच्या प्रमाणाचा. ट्विटरने 2012 मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांनुसार तेव्हा सेकंदाला सरासरी 4,600 ट्वीट लिहिले जात आणि वाचकांच्या घर-पानाची मागणी सेकंदाला सुमारे 3 लाख वेळा येई. हे अंतर पासष्टपट होते. म्हणूनच त्या अभियंत्यांनी मागणीच्या वेळी जुळवाजुळव करणे सोडले आणि ट्वीट लिहिले जाताच ते अनुसरणाऱ्यांच्या तयार याद्यांमध्ये टाकण्याची पद्धत स्वीकारली. आपल्यापैकी बहुतेकांची संकेतस्थळे त्या आकाराची नसतात, पण प्रमाण त्याच दिशेने झुकलेले असते. शंभर वाचकांतले मोजकेच मत देतात, आणि पान मात्र शंभरही जण उघडतात. जे काम दोन ठिकाणी करता येते ते कमी वेळा घडणाऱ्या ठिकाणी करावे, एवढे साधे गणित यामागे आहे.

मात्र येथे एक खरी अडचण आडवी येते, ती काळाची. केवळ एकूण मतांवर क्रम लावला तर जुन्या नोंदी वर बसून राहतात, म्हणून प्रत्येक सूत्रात वय धरावे लागते. वय तर क्षणोक्षणी वाढते. मग साठवलेला गुण साठवल्याक्षणीच शिळा होणार नाही का? याचे उत्तर सूत्राच्या घडणीवर अवलंबून आहे. हॅकर न्यूजच्या सूत्राचे सर्वत्र उद्धृत होणारे रूप घ्या: मतांतून एक वजा करायचा आणि तासांतल्या वयात दोन मिळवून त्याच्या 1.8 व्या घाताने भागायचे. समजा, एका नोंदीला 100 मते आहेत आणि ती 10 तासांपूर्वीची आहे. दुसरीला 10 मते आहेत आणि ती तासाभरापूर्वीची आहे. पहिलीचा गुण सुमारे 1.13 येतो, दुसरीचा सुमारे 1.25, म्हणजे दुसरी वर. आता दहा तास एकही मत न पडता जाऊ द्या. पहिली 0.38 वर येते, दुसरी 0.09 वर, म्हणजे आता पहिली वर. कुणीही काहीही केलेले नसताना क्रम उलटला. अशा सूत्राचा गुण कॉलममध्ये साठवून त्यावर इंडेक्स बांधला तर तो इंडेक्स दर मिनिटाला थोडा थोडा चुकत जातो.

आता रेडिटचे सूत्र पाहा. त्याचा स्रोत 2008 मध्ये खुला झाला, त्यामुळे ते सर्वांना ठाऊक आहे. निव्वळ मतांचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घ्यायचा आणि त्यात डिसेंबर 2005 मधल्या एका ठरावीक क्षणापासून नोंद प्रकाशित होईपर्यंतचे सेकंद 45,000 ने भागून मिळवायचे. यात 'आत्ता' कुठेच नाही. जुन्या नोंदीचे गुण उतरत नाहीत. नवी नोंद जन्मतःच जास्त गुण घेऊन येते. 45,000 सेकंद म्हणजे साडेबारा तास. म्हणून आज 10 मते मिळालेली नोंद साडेबारा तासांपूर्वीच्या 100 मतांच्या नोंदीच्या बरोबरीला उभी राहते, आणि त्यांच्यातले नाते पुढचे मत पडेपर्यंत तसेच राहते. यामागचे तत्त्व व्यापक आहे. गुण घातांकी गतीने घटत असतील तर कोणत्याही क्षणी सर्व नोंदींचे गुण एकाच प्रमाणात घटतात. लॉगॅरिदम घेतला की 'आत्ता'चे पद सर्वांना समान वजा होते, आणि समान वजा झालेल्या पदाने क्रम बदलत नाही. ते पद सोडून द्यावे. उरते ते साठवावे. पोस्टग्रेस आपल्याला हाच धडा वेगळ्या भाषेत देतो. इंडेक्सच्या सूत्रात तो केवळ अपरिवर्तनीय फंक्शन चालवून घेतो, आत्ताची वेळ सांगणारे फंक्शन दिले की इंडेक्स बांधायलाच नकार देतो. तो नकार म्हणजे आपले सूत्र साठवण्याजोगे नाही, ही वेळीच मिळालेली सूचना आहे.

नोंदीच्या वयाऐवजी प्रत्येक मताचे वय मोजायचे असेल, म्हणजे कालचे मत आजच्या मतापेक्षा हलके धरायचे असेल, तरी हीच युक्ती चालते. जुने मत हलके करत बसण्याऐवजी नवे मत जड करायचे. 2009 मध्ये कॉर्मोड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवाही माहितीसाठी ही कल्पना नीट मांडली. मताचे वजन एका दिवसात निम्मे व्हावे असे ठरवले तर दिवसागणिक नव्या मताचे वजन दुप्पट करायचे. ही बेरीज थेट साठवली तर दुहेरी अचूकतेचा फ्लोटिंग-पॉइंट कॉलम 1,024 दिवसांत, म्हणजे तीन वर्षे पुरी होण्याआधीच, ओसंडेल. बेरजेऐवजी तिचा लॉगॅरिदम साठवला की हा धोका टळतो. काळाचा संबंधच नसलेली सूत्रे तर आणखी सोपी. एडविन विल्सन यांनी 1927 मध्ये मांडलेल्या अंतराची खालची मर्यादा फक्त अनुकूल मते आणि एकूण मते मागते. सरासरीने पाहिले तर एकच आणि तेही अनुकूल मत मिळालेली नोंद 100 पैकी 90 अनुकूल मतांच्या नोंदीच्या वर बसते. विल्सन यांची मर्यादा 95 टक्के विश्वासपातळीवर पहिलीला सुमारे 0.21 आणि दुसरीला सुमारे 0.83 देते. हा गुण मत पडले तरच बदलतो, म्हणून तो साठवण्यास सर्वथा योग्य.

यावर पहिला आक्षेप असा, की एवढे कशाला, पान मिनिटभर कॅशेमध्ये ठेवले की भागते. मुखपृष्ठापुरते ते खरे आहे. पण क्रमाची मागणी एका पानाची राहत नाही. विषयानुसार, भाषेनुसार, गावानुसार, दुसरे पान, दहावे पान अशी तिची रूपे वाढत जातात. क्वचित मागितल्या जाणाऱ्या प्रत्येक रूपाला पूर्ण किंमत मोजावी लागते, आणि गर्दीच्या पानाची कॅशे संपते त्या क्षणी अनेक मागण्या एकदमच ती जड क्वेरी सुरू करतात. कॅशे उत्तर लपवून ठेवते, ते काढणे स्वस्त करत नाही. गुणाच्या कॉलमवर बी-ट्री इंडेक्स असेल तर डेटाबेस त्याच्या टोकापासून तीस रो वाचतो आणि थांबतो. टेबलात दहा हजार रो असोत की एक कोटी. मटेरिअलाइज्ड व्ह्यू हा मधला मार्ग आहे आणि मध्यम आकाराला तो पुरतो. पोस्टग्रेसमध्ये तो 2013 पासून आहे, आणि वाचकांना न अडवता ताजा करण्याची सोय 2014 च्या 9.4 आवृत्तीत आली. मात्र प्रत्येक वेळी तो पूर्ण क्वेरी नव्याने चालवतो, हे विसरू नये. आणि काही हजार रोंच्या टेबलासाठी यातले काहीच करू नये, मागणीच्या वेळीच मोजावे. आमचा आग्रह वाढणाऱ्या टेबलांसाठी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वाचन स्वस्त झाले, पण लेखन महागले. हे खरेच आहे, आणि ती किंमत डोळसपणे मोजली पाहिजे. पोस्टग्रेसमध्ये बदल म्हणजे रोची नवी प्रत. बदललेला कॉलम कोणत्याही इंडेक्समध्ये नसेल तर इंडेक्सला धक्का न लावता काम भागू शकते. गुणाच्या कॉलमवर तर इंडेक्स हवाच, त्यामुळे प्रत्येक मतामागे इंडेक्सही लिहावा लागतो. लेखाचा मजकूर, शीर्षक आणि गुण एकाच रुंद टेबलात असतील तर ही किंमत सर्वांनाच भोवते. म्हणून गुण वेगळ्या, अरुंद टेबलात ठेवावेत: नोंदीचा क्रमांक, विषय, मतांची संख्या, गुण, बस. दुसरी अडचण गाजणाऱ्या नोंदीची. हजार जण एकाच वेळी तिला मत देतात तेव्हा सगळे एकाच रोच्या कुलपापाशी रांग लावतात. अशा वेळी मते फक्त मतांच्या टेबलात घालावीत आणि दर काही सेकंदांनी एका पार्श्वभूमीतल्या कामाने ती एकत्र करून गुणात भर टाकावी. त्या कामाने रो नेहमी क्रमांकाच्या चढत्या क्रमाने घ्यावेत, म्हणजे दोन कामे एकमेकांना अडकवून बसणार नाहीत. हजार बदलांचा एक बदल झाला की लेखनाची तक्रार बव्हंशी मिटते.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. एकच माहिती दोन ठिकाणी ठेवली तर केव्हातरी दोन्हींत फरक पडणारच. पडतो, म्हणूनच दोहोंचा मान सारखा धरू नये. मतांचे टेबल ही रोजकीर्द आहे आणि गुणांचे टेबल ही खतावणी. खतावणी बिघडली तर रोजकीर्दीवरून पुन्हा उभी करता येते, उलट करता येत नाही. त्यामुळे प्रत्येक मत त्याच्या वेळेसह जपावे, एका सदस्याचे एका नोंदीला एकच मत हे बंधन डेटाबेसमध्येच घालावे, आणि रात्रीच्या निवांत वेळी काही नोंदींचे गुण मुळापासून काढून साठवलेल्या गुणांशी ताळा पाहावा. फरक आढळला तर तो निमूटपणे दुरुस्त न करता नोंदवावा, कारण त्यातूनच कोडमधली चूक सापडते. मते न जपता केवळ आकडा वाढवत राहणारी पद्धत आम्ही कुणालाही सुचवणार नाही. तिथे सूत्र बदलायची वेळ आली की हाती काहीच उरत नाही.

ताजेपणाचा आक्षेपही विचारात घ्यायला हवा. 'गेल्या 24 तासांत सर्वाधिक वाचलेले' अशी सरकती खिडकी हवी असेल तर कोणतीही घटना न घडता जुनी वाचने खिडकीबाहेर पडतात, आणि वर सांगितलेली युक्ती तिथे चालत नाही. त्यासाठी तासागणिक बेरजांचे टेबल ठेवावे: दर तासाला नवा तास मिळवायचा, सर्वांत जुना वजा करायचा. क्रम तासाभराच्या अंतराने बदलेल, आणि बहुतेक ठिकाणी ते पुरेसे आहे. थोडा उशीर उपयोगीही ठरतो, कारण बनावट मते गाळायला तेवढीच सवड मिळते. यूट्यूबवर 2015 पर्यंत पाहणाऱ्यांचा आकडा 301 च्या आसपास काही काळ थांबून राहत असे, तो पुढची मोजणी पडताळण्यासाठीच.

सर्वांत महत्त्वाचे कारण मात्र वेगापलीकडचे आहे. साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी 2006 मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 14,341 जणांपुढे 48 अपरिचित गाणी ठेवली होती. इतरांनी किती वेळा गाणे उतरवून घेतले हे ज्यांना दिसत होते त्यांच्यात यशाची विषमता वाढली आणि कोणते गाणे गाजेल हे सांगणे अवघड झाले. आकड्यांच्या उतरत्या क्रमाने यादी लावली तेव्हा हा परिणाम आणखी तीव्र झाला. म्हणजे क्रम लोकप्रियता केवळ दाखवत नाही, तो ती घडवतोही. असे असेल तर अमुक नोंद अमुक वेळी वर का होती, या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे. मागणीच्या वेळी मोजलेला क्रम पान पाठवताच नाहीसा होतो. साठवलेल्या गुणासोबत सूत्राची आवृत्ती आणि मोजल्याची वेळ ठेवता येते, नवे सूत्र जुन्या मतांवर चालवून आधी तपासता येते, आणि लेखकाने किंवा विक्रेत्याने जाब विचारला तर पुराव्यासह उत्तर देता येते. म्हणून क्रमाचे सूत्र ठरवण्याच्या पहिल्याच बैठकीत डेटाबेस सांभाळणाऱ्याला बसवा आणि त्याने तिथे दोन प्रश्न विचारावेत: एकही मत न पडता हा क्रम बदलतो का, आणि हा गुण मतांवरून पुन्हा जसाच्या तसा काढता येतो का? पहिल्याचे उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचे 'हो' येईपर्यंत सूत्रावर काम करत राहावे. तो वेळ पुढे सर्व्हरच्या बिलात आणि वाचकांच्या विश्वासात भरून येतो.