मदरबोर्ड बदलला म्हणून संगणक परका?

संगणकाचा मदरबोर्ड बदलला की तो संगणक 'दुसरा' होतो, असं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचं म्हणणं आहे. मंडळी, हे मला साफ अमान्य आहे. त्या सबबीवर गिऱ्हाइकाकडून पुन्हा पैसे उकळणं ही लूटच.

गेल्या महिन्यात आमचा बोर्ड जळला. (हिंजवडीत एवढ्या आयटी कंपन्या, पण दुरुस्तीला पेटी चिंचवडला न्यावी लागली, असो.) डिस्क तीच, फायली जिथल्या तिथे. फक्त विकत घेतलेलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडेना. युनिकोड फुकट असताना विकत का घेतलं, असं नातेवाईक विचारतीलच. स्मरणिकेच्या छापखान्याला जुनेच फॉन्ट लागतात, म्हणून! कंपनीतली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, मशीन वेगळं दिसतंय, नवीन लायसन्स घ्या." पावतीवर माझं नाव आहे, मदरबोर्डचं नाही.

पुतण्या इथेच फेज २ मध्ये नोकरीला आहे. त्याने समजावलं ते असं. नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो, त्यातले पहिले २४ बिट सहसा बनवणाऱ्या कंपनीचे. डिस्कचा अनुक्रमांक वेगळा, बोर्डाचा वेगळा. सॉफ्टवेअर हे सगळं गोळा करून संगणकाचा जणू अंगठा घेतं. गंमत म्हणजे मॅक पत्ता सॉफ्टवेअरने बदलताही येतो! १९९९ साली इंटेलने पेंटियम ३ च्या पोटातच ९६ बिटांचा क्रमांक घातला. माणसांवर पाळत ठेवली जाईल म्हणून ओरड झाली आणि पुढच्या पेंटियम ४ मधून तो गेला. २००१ च्या विंडोज एक्सपीला तेवढी तरी अक्कल होती. दहा भाग तपासायची, पण दोन-तीन बदलले तर कुरकुर करत नसे.

शाळेत आमच्याकडे डेडस्टॉक रजिस्टर असे. बाकावर ऑइलपेंटने नंबर. फळी मोडली की सुतार नवी ठोकायचा, शिपाई नंबर पुन्हा रंगवायचा, बाक तोच. कुठल्याही तपासणीत साहेबांनी तो नवा खरेदी केल्याचं दाखवायला सांगितलं नाही. मिलिंद राजाला नागसेनाने विचारलं होतं, रथ म्हणजे चाक की आस? दोन हजार वर्षांनी या कंपन्यांना उत्तर सापडलंय: रथ म्हणजे मदरबोर्ड!

पूर्वीची पद्धत यापेक्षा सरळ होती. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड काढून दुसऱ्या पेटीत बसवलं की मराठी तिकडे. डीटीपीवाल्यांचं डोंगलही तसंच, कुलूप मालकाबरोबर फिरायचं.

पुतण्या म्हणतो, "काका, नाहीतर एक कॉपी अख्खी सोसायटी वापरेल." अरे, चोरणारा पहिल्या दिवसापासून कुलूप तोडलेलीच प्रत वापरतो. अडतो तो पावतीवाला. २०१६ पासून विंडोज १० चा परवाना गिऱ्हाइकाच्या खात्याला जोडायची सोय मायक्रोसॉफ्टने केली, ती यांना का जमू नये?

तोवर विकत घेण्याआधी दुकानदाराला एकच विचारा: बोर्ड बदलला तर परवाना हलवून मिळेल का? आणि उत्तर बिलावर लिहून घ्या, शिक्क्यासकट.