राजाचे केस आणि राजाचे प्रेत

नॉर्मन इतिहासकार पुरुषाच्या शरीराविषयी लिहितात तेव्हा ते सत्तेविषयीच बोलत असतात. सेंट एव्हरूल मठातला भिक्षू ऑर्डेरिक व्हिटालिस ११०५ सालच्या ईस्टरचा प्रसंग सांगतो. कारेंताँच्या चर्चमध्ये लुटीच्या भीतीने शेतकऱ्यांनी सामानसुमान आणून ठेवले होते. तिथे बिशप सेर्लोने लांब केस-दाढ्यांवर कडक प्रवचन केले आणि स्वतः कात्री घेऊन इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याचे केस कापले. हेन्री तेव्हा थोरला भाऊ रॉबर्ट याच्याकडून नॉर्मंडी घ्यायला आला होता. पुढच्याच वर्षी तांशब्रेच्या लढाईत त्याने रॉबर्टला कैद केले. मान तुकवून केस कापून घेणारा राजा चर्चचा रक्षक ठरतो आणि भावावरची स्वारी न्याय्य दिसू लागते. हे वर्णन निरागस नाही.

कुणी म्हणेल, ही संन्याशांची नेहमीची नीतिवचने आहेत. पण मग राजेच का निवडले जातात? १०८७ मध्ये हेन्रीचा बाप, इंग्लंड जिंकणारा राजा विल्यम वारला तेव्हा नोकरांनी चीजवस्तू लुटून त्याचे शव जवळजवळ उघडे टाकले आणि काँ शहरातल्या दफनविधीत अरुंद शवपेटीत कोंबताना ते फुटले, असे ऑर्डेरिक लिहितो. विल्यम स्थूल होता, घटना खरी असू शकते. तरीही ऑर्डेरिक तिथे रेंगाळतो, कारण आई इंग्रज असलेल्या या लेखकाला इंग्लंडच्या उत्तरेत विल्यमने केलेला संहार क्षम्य वाटत नव्हता, आणि तसे त्याने स्पष्ट लिहिलेही आहे.