कुकरची रिंग कळते, मग होज का नाही?

कुकरची रिंग कडक झाली की शिट्टी धड होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. बाजारातून नवी रिंग आणायची, बसवायची, विषय संपला. मग दारातल्या गाडीचा रबरी पाईप बघायला आपण घरातल्या पुरुषांची वाट का बघतो?

आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या. आमची अजून महाडात धावते. बचत गटाच्या कामासाठी पोलादपूरकडे मी तीच घेऊन जाते. होज बदलायला गॅरेजमध्ये गेले, तर मेकॅनिक म्हणाला, "ताई, साहेबांना पाठवा, तुम्हाला नाही कळायचं." म्हणजे गाडी चालवणार मी, घाटात वाफ निघाली तर उन्हात उभी राहणार मी, आणि कळायचं मात्र साहेबांना!

आपल्या भागात घाट चुकत नाही. महाबळेश्वरला आंबेनळी, भोरला वरंध. चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये रांगते, इंजिन तापतं आणि वेग नसल्यानं रेडिएटरला वारा कमी लागतो. तेव्हाच जुना होज फाटला तर सगळं पाणी रस्त्यावर. तशीच दामटली तर इंजिनचं हेड वाकतं आणि थोडक्यातलं काम हजारोंवर जातं.

म्हणून होज मी अंगणातच बदलले. इंजिन पूर्ण थंड हवं. खाली घमेलं ठेवून रेडिएटरमधलं जुनं पाणी काढायचं. क्लिपा स्क्रूड्रायव्हरनं ढिल्या करून होज पिळत ओढायचा. नळीचं तोंड पुसून नवा होज नीट आत सरकवायचा, क्लिप आवळायची. मग कूलंट. कूलंट घट्ट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळायचं. बोअरचं पाणी नको. कुकरच्या तळाला बसतो तोच पांढरा थर रेडिएटरमध्येही बसतो. कूलंटमुळे गंज धरत नाही आणि पाणी उशिरा उकळतं. झाकण उघडं ठेवून इंजिन थोडा वेळ चालवायचं, बुडबुडे थांबले की कमी पडलेलं भरायचं, झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी गाडीखाली ओल दिसली नाही की जमलं!

दोन गोष्टी मात्र मनात पक्क्या ठेवा. रेडिएटरचं झाकण कुकरसारखंच आत वाफ कोंडून धरतं. गरम असताना ते उघडाल तर तोंड-हात भाजतील. आणि कूलंट गोडसर लागतं, पण ते विष आहे. काढलेलं कूलंट गटारात ओतू नका, मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासून दूर ठेवा.

प्रत्येकीनं मेकॅनिक व्हावं, असं माझं म्हणणं नाही. पण गाडीत काय बदललं, का बदललं, हे कळलं तर कुणी आपल्याला फसवणार नाही आणि घाटात आपण घाबरणारही नाही. आज गावोगावी मुली स्कूटी, गाडी चालवायला शिकतात. ड्रायव्हिंगबरोबर त्यांना बॉनेट उघडायलाही शिकवा. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास त्यासाठी काढा. गाडी कुणाचीही चालेल, फक्त इंजिन थंड असू द्या!