कचरा, झोपाळे आणि कबरी

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत लिहा, असे संपादकांनी बजावले आहे. चकली-कडबोळ्यांच्या ताटाशेजारी हा अंक उघडला जाणार, तेव्हा त्यांची मागणी रास्तच म्हणायची. पण या सदराच्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. खुसखुशीत लिहायला बसलो की हाती लागते ते भलतेच. यंदा मी नगरपालिकेविषयी लिहिणार आहे, आणि तीही आपली नव्हे, बेलफास्ट शहराची. घाबरू नका, ठरावांचे क्रमांक देणार नाही.

गेल्या मे महिन्याच्या सुटीत तीन आठवडे भाच्याकडे बेलफास्टला होतो. तो तिकडे संगणकाच्या कंपनीत आहे. पहिल्याच रविवारी त्याने मला गाडीत घातले नि म्हणाला, "मामा, चल, तुला मुंबईला नेतो." थट्टा असेल असे वाटले. पण खरोखरच एका चिंचोळ्या रस्त्याच्या तोंडाशी पाटी होती: बॉम्बे स्ट्रीट. शेजारी काश्मीर रोड. कानपूर नि लखनौ यांच्या नावांचे रस्तेही हाकेच्या अंतरावर. साम्राज्याच्या भरभराटीत कुणीतरी हौसेने ठेवलेली ही नावे. मनात म्हटले, परमुलखात आपले गाव भेटले. मग घरांच्या मागल्या अंगाला गेलो. तेथे अंगणांवर लोखंडी जाळ्यांचे पिंजरे बसवलेले, आणि अंगणांच्या पलीकडे भिंत. अशी उंच भिंत मी तुरुंगाखेरीज कुठे पाहिली नव्हती. जाळ्या कशाला, तर भिंतीपलीकडून काही येऊन पडले तर ते माणसांच्या डोक्यावर पडू नये म्हणून.

ही गल्ली 1969 सालच्या 15 ऑगस्टला जाळण्यात आली. आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन चालले होते. गल्लीत कॅथलिक राहत, जाळायला आलेला जमाव प्रॉटेस्टंट वस्तीतला. भांडण वरकरणी धर्माचे, खरे पाहता देशाचे. बहुतेक कॅथलिकांना संयुक्त आयर्लंड हवे, बहुतेक प्रॉटेस्टंटांना ब्रिटनशी असलेले नाते तोडायचे नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ब्रिटिश लष्कराने दोन वस्त्यांमध्ये तारा नि पत्रे उभे केले, आणि ही सोय अगदी तात्पुरती आहे, असे सेनाधिकाऱ्यांनी जाहीर केले. पुढल्या तीस वर्षांत सुमारे साडेतीन हजार माणसे मेली. 10 एप्रिल 1998 ला तह झाला. पत्र्याच्या जागी विटा-सिमेंट आले, वर आणखी जाळी आली, आणि तात्पुरती भिंत अजून उभी आहे. 2013 साली तिथल्या सरकारने अशा सगळ्या भिंती 2023 पर्यंत काढून टाकण्याचा संकल्प सोडला होता. 2023 उलटून गेले. सरकारी संकल्प तिकडेही आपल्यासारखेच असतात, हे पाहून परकेपणा थोडा कमी झाला.

आता नगरपालिकेकडे वळू. अशा शहरात नगरपालिकेच्या हातात काय असते? मला वाटे, शाळा असतील, घरे असतील, रस्ते असतील. यातले काहीच तिच्याकडे नाही. घरे वाटण्याचे काम 1971 नंतर स्थानिक संस्थांकडून काढून एका स्वतंत्र मंडळाकडे दिले गेले, कारण घर कुणाला द्यायचे हे आडनाव पाहून ठरते, ही तक्रार त्या दंग्यांच्या मुळाशी होती. शाळा दुसऱ्यांकडे, रस्ते तिसऱ्यांकडे. नगरपालिकेकडे उरले ते कचरा, बागा, पोहण्याचे तलाव, व्यायामशाळा, जन्म-मृत्यूची नोंद आणि स्मशाने. ज्यावरून माणसे एकमेकांचे गळे धरतात ते सारे दूर ठेवून निरुपद्रवी तेवढे तिच्या ओट्यात घातलेले! पण बेलफास्टात निरुपद्रवी असे काही नसते, ही त्यातली मेख आहे.

झोपाळ्याचेच घ्या. 1960 च्या दशकात तिथल्या सार्वजनिक बागांतले झोपाळे रविवारी कुलूप लावून बंद ठेवीत. रविवार हा देवाचा दिवस, त्या दिवशी मुलांनी झोके घेऊ नयेत, असा कर्मठ प्रॉटेस्टंटांचा आग्रह. यावरून महापालिकेत खडाजंगी झाली, मतदाने झाली. ज्यांना झोके घ्यायचे होते त्यांना अर्थातच मताचा अधिकार नव्हता.

कबरींची गोष्ट याहून विलक्षण. शहराच्या पश्चिमेला पालिकेचे मोठे कबरस्तान आहे, 1869 साली उघडलेले. त्यात कॅथलिकांच्या नि प्रॉटेस्टंटांच्या जागा वेगळ्या ठेवायच्या, इथवर समजू शकते. पण दोहोंच्या मध्ये भिंत बांधली ती जमिनीच्या पोटात, नऊ फूट खोल! वर पाहावे तर हिरवळ. मेलेल्यांनी खालून सीमा ओलांडू नये, एवढाच तिचा उपयोग. पुढे बिशपसाहेबांशी बिनसले, कॅथलिकांनी जवळच आपले निराळे कबरस्तान काढले, आणि ती भिंत कुणालाच न अडवता तशीच राहिली. माझी भाचेसून हे ऐकून म्हणाली, "मामा, आपल्याकडे निदान राख होते, भिंत घालायला काही उरत नाही." मी तिला म्हटले, बाई, आपल्याकडेही स्मशाने वेगवेगळी असतात. ती गप्प बसली, आणि मीही तो विषय वाढवला नाही.

दंगलीच्या काळात पालिकेने शहरभर क्रीडाकेंद्रे बांधली. तरुण पोरे हातात दगड घेण्याऐवजी चेंडू घेतील, हा हेतू. हेतू चांगला, पण पोराला भिंतीपलीकडच्या तलावावर धाडायला आई तयार नाही. मग या वस्तीला एक तलाव तर त्या वस्तीलाही एक. दवाखाने, शाळा, बसगाड्या, पोलीस, सगळा दुहेरी संसार. या फाळणीपायी वर्षाला दीड अब्ज पौंडांपर्यंत जादा खर्च होत असावा, असा अंदाज 2007 सालच्या एका अहवालाने मांडला होता. त्या आकड्यावरही वाद झाला. बेलफास्टात आकडेसुद्धा बिनविरोध निवडून येत नाहीत. पण एका घरात दोन चुली मांडल्या की सरपण किती लागते, हे आपल्या गृहिणींना अहवालावाचून ठाऊक आहे.

म्हणून तहानंतर नवा विचार पुढे आला. पालिकेने आता जे बांधायचे ते सामायिक बांधायचे. उत्तर बेलफास्टात गर्डवूड नावाची लष्कराची छावणी होती. ती बंद झाल्यावर मोठी थोरली जागा मोकळी झाली, आणि तीही नेमकी दोन्ही वस्त्यांच्या मध्ये. युरोपीय संघाच्या शांतता निधीतून 1 कोटी 17 लाख पौंड मिळाले, पालिकेने पुढाकार घेतला आणि जानेवारी 2016 मध्ये तिथे लोककेंद्र उघडले. खेळाचा हॉल, व्यायामशाळा, तरुणांसाठी खोल्या, शिकवणीचे वर्ग. मी मुद्दाम पाहायला गेलो. इमारत ऐसपैस आहे, काचा भरपूर. एक तास बाहेरच्या बाकावर बसून आत कोण जाते ते पाहत होतो. अर्थात पाहून मला काय कळणार! तिथली माणसे मात्र गणवेशावरून शाळा नि शाळेवरून धर्म ओळखतात. खेळावरूनही ओळखतात. हर्लिंग खेळतो तो कॅथलिक, रग्बी खेळतो तो बहुधा प्रॉटेस्टंट. मैदानावर गोलाचे खांब कोणत्या आकाराचे रोवायचे, हाही मग राजकीय प्रश्न होतो.

पण गर्डवूडची खरी कथा त्या इमारतीची नाही, भोवतालच्या जमिनीची आहे. 2012 साली राजकीय पक्षांनी मिळून आराखडा मान्य केला तेव्हा मध्ये सामायिक केंद्र आणि दोन बाजूंच्या कडांना घरे, अशी मांडणी ठरली. कोणत्या कडेला कोण राहणार, हे कागदावर लिहिण्याची गरज नव्हती. टीकाकारांनी विचारले, व्यायाम एकत्र करायचा नि झोपायला वेगवेगळे जायचे, याला सामायिक म्हणायचे काय? दुसरीकडे, त्या भागात घरासाठी ताटकळणाऱ्यांच्या यादीत कॅथलिक अधिक होते. त्यांचे म्हणणे, आम्हाला डोक्यावर छप्पर हवे, तुम्ही आम्हाला क्रीडाभवन देता. दोन्ही बाजूंना आपल्या मतदारसंघाची चिंता. एका वस्तीत घरे वाढली की मते वाढतात, आणि मते वाढली की भिंत एक गल्ली पुढे सरकल्यासारखे दुसऱ्या वस्तीला वाटते.

भाच्याशी यावर माझे जेवणाच्या टेबलावर चांगलेच जुंपले. तो म्हणाला, "मामा, हे सगळे वरवरचे आहे. मुले शाळेत वेगळी, घरे वेगळी, लग्ने वेगळी. आठवड्यातून एक तास एकत्र बॅडमिंटन खेळून काय होणार?" त्याचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. दोन्ही धर्मांची मुले ठरवून एकत्र शिकवणारी तिथली पहिली शाळा, लॅगन कॉलेज, 1981 साली अवघ्या 28 विद्यार्थ्यांवर सुरू झाली, आणि आजही अशा शाळांत जाणारी मुले शंभरात दहासुद्धा नाहीत. पण मी मास्तर माणूस. पालिकेला शाळा चालवता येत नाही, तिच्या हाती चेंडूच आहे, तर तिने चेंडूही टाकू नये काय? मला भाच्याचा युक्तिवाद तर्काला धरून वाटला, पण तो बाकावर बसून करण्याचा युक्तिवाद आहे.

माझे मत पालटण्याऐवजी पक्के झाले ते अलेक्झांड्रा पार्कात. ही सार्वजनिक बाग, आणि तिच्या पोटातून आरपार पत्र्याची उंच भिंत. भिंत घातली ती 1994 च्या सप्टेंबरात, आयरिश रिपब्लिकन आर्मीने शस्त्रसंधी जाहीर केली त्याच सुमारास! पुढे 2011 च्या सप्टेंबरात त्या पत्र्यात एक दार पाडले. दोन्ही बाजूंच्या रहिवाशांशी महिनोन् महिने बोलणी झाली, तेव्हा कुठे ते दार उघडले, आणि तेही आरंभी कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंतच. त्या वेळापत्रकाचा अर्थ पाहा. नऊ ते तीन म्हणजे मुले शाळेत असण्याची वेळ. ज्या घटकांत दगड येण्याची धास्ती त्या घटकांत दार बंद. हसू येते खरे. पण एखादी म्हातारी पलीकडच्या दुकानातून दूध आणायला पंधरा मिनिटांचा वळसा घेत असेल, तिला ते हसण्यासारखे वाटणार नाही.

दार म्हटले की ते उघडणारा माणूस आला. आणि इथेच मला या साऱ्या प्रकरणातली खरी अडचण दिसली. शांतता निधीचे पैसे बांधकामाला मिळतात. फीत कापायला मंत्री येतात, छायाचित्रे निघतात. त्यानंतर कुलूप उघडणारा, दिवे लावणारा, दोन टोळकी समोरासमोर आली तर दोघांनाही नावाने हाक मारू शकणारा माणूस कायम लागतो. त्याचा पगार घरपट्टीतून द्यायचा. घरपट्टी वाढवायची तर साठ सभासदांची सभा, आणि तिच्यात कुणालाच बहुमत नाही. 2023 च्या निवडणुकीत सिन फेनचे 22, डीयूपीचे 14 आणि दोहोंपैकी कुठलीही बाजू न घेणाऱ्या अलायन्स पक्षाचे 11 निवडून आले. याच सभागृहाने डिसेंबर 2012 मध्ये नगरभवनावर ब्रिटिश निशाण रोज न लावता ठरावीक दिवशीच लावायचे ठरवले, तेव्हा आठवडेच्या आठवडे रस्ते पेटले होते. रस्त्यांच्या पाट्या आयरिश भाषेत लावण्यावरूनही वाद आहेतच. पूर्वी रस्त्यावरल्या दोन तृतीयांश रहिवाशांची संमती लागे, आता शंभरात पंधरांची पुरते. पाट्यांच्या भांडणाची गोडी आम्हा मराठी माणसांना काय वेगळी सांगायची? पण अशा सभेत राखणदाराच्या पगाराचा विषय यादीत शेवटी येतो, आणि तोवर सभासदांची चहाची वेळ झालेली असते.

तरी पालिका थांबलेली नाही. उत्तरेकडून पश्चिम बेलफास्टमार्गे शहराच्या मध्यापर्यंत बागा नि मैदाने जोडणारी सुमारे 12 किलोमीटरांची पायवाट तिने शांतता निधीतूनच केली आहे. तिचे नाव फोर्थ मेडो. ती दोन्ही वस्त्यांतून जाते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले तरी हा निधी आटलेला नाही. 2021 ते 2027 या काळासाठी तो एक अब्ज युरोंहून अधिक आहे.

आपल्या मंडळींची तिथली हकीकत सांगायची राहिलीच. बेलफास्टातल्या भारतीयांचे केंद्र नि लक्ष्मीनारायणाचे देऊळ क्लिफ्टन स्ट्रीटवर, मेथडिस्ट चर्चच्या जुन्या हॉलमध्ये आहे. गर्डवूडपासून ते चालत जाण्याइतके जवळ, म्हणजे दोन वस्त्यांच्या अगदी शिवेवर. दंगलींच्या दिवसांत चर्चला येणारे पांगले, जागा ओस पडली, तिथे आपल्या लोकांनी समया लावल्या. भाचा म्हणतो, तिथल्या दिवाळीला दोन्ही बाजूंचे शेजारी येतात आणि चकलीवर तुटून पडतात. मी गेलो तेव्हा मे महिना होता. हॉलचे दार उघडायला एक काका आले, किल्ल्यांचा मोठा जुडगा घेऊन. मी त्यांना विचारले, तुम्हाला पगार कोण देते? ते हसले. निवृत्त झाल्यापासून रोज येतात, पगार नाही. पालिकेच्या केंद्रातल्या राखणदाराची नेमणूक किती वर्षांची आहे, हे मात्र त्यांना पाठ होते.